कार्डं दोन, मॉनिटर तीन आणि अर्ध्यावर थांबणारं रेंडर

वाचकाचं पत्र

नमस्कार. मनीषनगरला घरातच मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून बिल्डरांसाठी फ्लॅट स्कीमचे वॉकथ्रू, म्हणजे फ्लॅटमधून फिरवून दाखवणारे थ्रीडी व्हिडिओ करतो. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर आणि रेंडरला, म्हणजे तयार चित्र काढायला, त्यातलंच सायकल्स वापरतो. मशीन असं आहे: आय-फाइव्ह १२४००, बी-६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड (१२ जीबी). गेल्या महिन्यात ओळखीतून एक वापरलेलं जीटीएक्स १६६० सुपर (६ जीबी) घेतलं आणि खालच्या स्लॉटमध्ये लावलं. मधला फोर-के मॉनिटर ३०६० ला आहे, डावीकडचा १४४ हर्ट्झचा फुल एचडी १६६० ला आणि उजवीकडचा जुना फुल एचडी मदरबोर्डच्या एचडीएमआयला.

तेव्हापासून ब्लेंडरची विंडो डावीकडे नेली की व्ह्यूपोर्ट (सीन फिरवून बघायचा भाग) अडखळतो. एकट्या ३०६० वर होणारा सीन आता ‘आउट ऑफ जीपीयू मेमरी’ म्हणून थांबतो. टास्क मॅनेजरमध्ये १६६० चा वापर एक-दोन टक्केच दिसतो. दुपारी रेंडर लावलं की पडदे काळे होऊन परत येतात आणि ब्लेंडर बंद पडलेलं असतं. दोनदा तर अख्खं मशीनच रीस्टार्ट झालं. सोमवारी बेसाच्या एका स्कीमचं काम द्यायचं आहे. १६६० खराब निघालं का?

— एक वाचक, नागपूर

उत्तर

आधी सोमवारचं बघू. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम भागात सायकल्सच्या कार्डांची यादी आहे. तिथे ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डांवर रेंडर करायची पद्धत) निवडा, फक्त ३०६० ला टिक ठेवा आणि १६६० व सीपीयू दोन्हींची टिक काढा. रेंडर रात्री दहानंतर लावा. आउटपुट थेट व्हिडिओ फाइलमध्ये नको, पीएनजी फ्रेम्समध्ये घ्या, म्हणजे मध्येच बंद पडलं तरी झालेल्या फ्रेम्स हाती राहतील. महिन्याभरापूर्वी हे काम एकट्या ३०६० वर होत होतं, म्हणजे आत्ताही होईल. सोमवार पार पडला की पुढचं सगळं निवांत करा.

१६६० खराब असेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही. तुमच्या चार तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ती एकाच महिन्यात सुरू झाल्यामुळे सगळा दोष नव्या कार्डावर आला आहे.

तुम्ही दोन कार्डं म्हणता, पण तुमच्या मशीनमध्ये चित्र काढणारे तिघे आहेत. आय-फाइव्ह १२४०० च्या पोटात इंटेलचं स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि उजवीकडचा मॉनिटर त्याच्यावर चालतो. म्हणजे तीन मॉनिटर, तीन मालक. मॉनिटरची केबल ज्या कार्डात, ते कार्ड त्या मॉनिटरचं मालक. विंडोज हे आपोआप बदलत नाही.

आता ब्लेंडर उघडताना व्ह्यूपोर्ट काढायला एकच कार्ड पकडतो, बहुधा मुख्य मॉनिटरचं, म्हणजे तुमच्याकडे ३०६०. विंडो डावीकडे सरकवली म्हणून चित्र काढणारं कार्ड बदलत नाही. ३०६० फ्रेम काढतं, ती फ्रेम रॅममध्ये उतरते, तिथून १६६० मध्ये चढते आणि मग मॉनिटरवर दिसते. हा फेरा प्रत्येक फ्रेमला होतो. फोर-के आकाराची एक फ्रेम ३८४० गुणिले २१६० गुणिले ४ बाइट, म्हणजे सुमारे ३३ एमबी. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर जवळपास २ जीबी. फुल एचडीची फ्रेम ८.३ एमबीची असते, पण १४४ हर्ट्झवर तीही सेकंदाला १.२ जीबीपर्यंत जाते. बी-६६० बोर्डावर दुसरा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटाची वाट) असला तरी बहुतेक वेळा आतून चारच लेनचा असतो आणि चिपसेटमार्गे जातो. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या चार लेनमधून सेकंदाला जास्तीत जास्त ४ जीबीच्या आसपास डेटा जातो आणि चिपसेटच्या त्याच वाटेवर एसएसडी, यूएसबी, नेटवर्कही असतात. त्यातून प्रत्येक फ्रेमला थांबून दुसऱ्या कार्डाशी वेळ जुळवावी लागते. अडखळणं तिथून येतं.

म्हणून पहिली दुरुस्ती फुकट आहे: तिन्ही केबल ३०६० मध्ये लावा. या कार्डाला साधारणपणे तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतो आणि ते एका वेळी चार मॉनिटर चालवतं. फोर-के डिस्प्लेपोर्टला, १४४ हर्ट्झवाला दुसऱ्या डिस्प्लेपोर्टला, जुना एचडीएमआयला. १४४ हर्ट्झवाल्याला जुन्या एचडीएमआय केबलवर ठेवू नका, पुष्कळदा तो गुपचूप ६० किंवा १२० वर उतरतो. फोर-केचंही तसंच, एचडीएमआय १.४ च्या जोडणीवर फोर-के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही आणि माउसचा बाणसुद्धा जड वाटतो. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर डिस्प्लेपोर्ट ते व्हीजीए असं ॲक्टिव्ह कन्व्हर्टर घ्या.

मशीन पूर्ण बंद करून केबल बदला. सुरू झाल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. वरच्या यादीतून एकेक मॉनिटर निवडला की तो कोणत्या कार्डाला जोडलेला आहे ते खाली लिहिलेलं दिसतं. तिन्ही ठिकाणी ३०६० आलं पाहिजे. रिफ्रेश रेटही तिथेच तपासा.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज उघडा आणि ‘ओपनजीएल रेंडरिंग जीपीयू’ या ओळीत ‘ऑटो’ऐवजी ३०६० निवडा. ओपनजीएल आणि व्हल्कन या ब्लेंडरच्या पडद्यावर चित्र काढायच्या दोन पद्धती. ब्लेंडरच्या नव्या आवृत्तीत तुम्ही व्हल्कन निवडलं असेल तर ही ओळ तिथे लागू होत नाही, म्हणून तपासणीपुरतं ओपनजीएलवर या. इंटेलचं ग्राफिक्स बायोसमधून बंद करायचं का? एडिटिंगमध्ये व्हिडिओ उलगडायला ते उपयोगी पडतं, तेव्हा तसं काम करत असाल तर राहू द्या, फक्त त्याला मॉनिटर जोडू नका.

उद्या पाचवा मॉनिटर आलाच तर तो १६६० ला चालेल. त्यावर मेल, व्हॉट्सॲप, संदर्भाचे फोटो ठेवा, फिरवायचा थ्रीडी सीन नाही.

कुणी दोन कार्डं जोडायचा ब्रिज विकायला आला तर घेऊ नका. ३०६० ला त्याची खाचच नाही आणि सायकल्सला त्याची गरजही नाही.

आता मेमरी. १२ आणि ६ मिळून १८ होत नाहीत. सायकल्स सगळा सीन, म्हणजे भिंती, झाडं, टेक्सचर, प्रत्येक कार्डात स्वतंत्र भरतो. त्यामुळे दोन्ही टिक असताना तुमची मर्यादा लहान कार्डाची, म्हणजे ६ जीबी. सीन त्यात मावला नाही तर जास्तीचा भाग रॅममध्ये सरकतो आणि वेग कोसळतो, आणि १६ जीबी रॅमही भरली की तो संदेश येऊन सगळं थांबतं. एकटं ३०६० तोच सीन आरामात उचलत होतं, ते याचमुळे.

सीन किती जागा घेतो हे बघायला फक्त ३०६० वर एक फ्रेम रेंडर करा आणि टास्क मॅनेजरमध्ये त्या कार्डाची ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ बघा. रेंडरआधीचा आकडा आणि रेंडरमधला सर्वांत वरचा आकडा यांतला फरक म्हणजे तुमचा सीन. तो ५ जीबीच्या आत असेल तर १६६० ला टिक करा. त्याच्या वर गेला तर त्या सीनपुरतं १६६० बाजूला ठेवा, किंवा सीन हलका करा.

हलका करताना आधी टेक्सचर बघा. जेपीजी फाइल ५ एमबीची दिसते म्हणून फसू नका, कार्डात ती उलगडून बसते. ४०९६ गुणिले ४०९६ चं साधं टेक्सचर ६४ एमबी, ८१९२ चं २५६ एमबी. आकाशासाठी वापरलेलं आठ-के एचडीआर एकटंच ५१२ एमबीपर्यंत जातं. सोफ्याच्या उशीला आठ-के कापड लावलेलं असतं आणि उशी फ्रेममध्ये दोन बोटं दिसते! रेंडर प्रॉपर्टीजमधल्या सिम्प्लिफाय भागात टेक्सचर लिमिट आहे. रेंडरसाठी ते २०४८ करा आणि फरक डोळ्यांनी बघा, वॉकथ्रूमध्ये बहुधा कळणारही नाही. दुसरं, झाडं, गाड्या आणि बाल्कनीची रेलिंग. शिफ्ट-डी ने कॉपी केली की प्रत्येक झाडाचा जाळ्याचा (मेशचा) डेटा वेगळा होतो. ऑल्ट-डी ने केली की सगळी झाडं एकच डेटा वाटून घेतात. शंभर गुलमोहर असतील तर फरक थेट जीबीत दिसतो.

१६६० एक-दोन टक्केच चालतं हे बहुधा खरं नाही. टास्क मॅनेजर सुरुवातीला ‘थ्रीडी’ नावाचा आलेख दाखवतो आणि सायकल्सचं काम त्यात मोजलंच जात नाही. आलेखाच्या नावावर क्लिक करून ‘कुडा’ (कार्डावरच्या हिशेबाच्या कामाचा आलेख) निवडा. विंडोजमध्ये ‘हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग’ चालू असेल तर ते नावच यादीत सापडत नाही, तेव्हा जीपीयू-झेड हे लहानसं मोफत साधन घ्या आणि त्याच्या सेन्सर्स पानावर लोड बघा. आणि एक लक्षात असू द्या: ईव्हीवर, म्हणजे ब्लेंडरच्या दुसऱ्या, झटपट रेंडर पद्धतीवर काम करत असाल तर दुसरं कार्ड खरोखरच रिकामं बसतं, कारण ईव्ही एकाच कार्डावर चालतो.

खरी परीक्षा घड्याळाची. एकच फ्रेम तीनदा रेंडर करा: फक्त ३०६०, फक्त १६६०, मग दोन्ही. वेळ वहीत लिहा. समजा ३०६० ला ६ मिनिटं लागली आणि १६६० ला १५, तर दोघांनी मिळून किती लागायला हवीत? गुणाकार भागिले बेरीज: ९० भागिले २१, म्हणजे ४ मिनिटं १७ सेकंद. पाच मिनिटांच्या आत आलं तर सगळं ठीक. सहाच्या वर गेलं तर मेमरी ओसंडते आहे. दुप्पट वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका. ३०६० मध्ये ३५८४ कुडा कोअर आहेत, १६६० सुपरमध्ये १४०८, शिवाय किरणांचा हिशेब करणारे आरटी कोअर त्याच्यात नाहीतच.

ॲनिमेशनसाठी दोन्ही कार्डं एकाच फ्रेमवर लावण्यापेक्षा आम्ही वेगळी पद्धत सुचवू. एका फ्रेममध्ये सायकल्स चित्राचे आडवे पट्टे पाडून कार्डांना वाटतो आणि वेगवान कार्डाला हळूसाठी थोडं थांबावं लागतं. त्याऐवजी ब्लेंडर दोनदा उघडा, दोन्हींत तीच फाइल. पहिल्यात फक्त ३०६० ला टिक, दुसऱ्यात फक्त १६६० ला. आउटपुट भागात ‘ओव्हरराइट’ची टिक काढा आणि ‘प्लेसहोल्डर्स’ला टिक करा. मग प्रत्येक कार्ड पुढची मोकळी फ्रेम स्वतः उचलतं आणि कुणी कुणाची वाट बघत नाही. मेमरीची मर्यादा १६६० ला तशीच राहते, पण ते अडलं तरी ३०६० चं काम चालू राहतं. फाइल दोनदा उघडी असल्याने रॅम मात्र दुप्पट लागते आणि तुमच्या १६ जीबीत मोठा सीन बसणार नाही. दोन्हींत सॅम्पल्स (प्रत्येक ठिपक्यासाठी किती किरण) आणि डिनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारा) अगदी सारखे ठेवा, नाहीतर फ्रेम-फ्रेमला भिंतीचा पोत बदलून व्हिडिओ लुकलुकेल. आणि रेंडर मध्ये तुटलं तर फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या फाइल्स आधी काढून टाका. त्या रिकाम्या जागा धरून बसलेल्या असतात आणि पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडर त्या फ्रेम्स ओलांडून जातो. अशी राहिलेली फ्रेम बिल्डरच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी.

आता दुपारची तक्रार. इथे दोन वेगळे आजार आहेत, ते आधी वेगळे करा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टिम उघडा आणि त्या वेळेच्या नोंदी बघा. पडदा काळा होऊन परत आला त्या वेळी ४१०१ क्रमांकाची किंवा एनव्हिडिया ड्रायव्हरच्या नावाची नोंद असेल. कार्डाने दोन सेकंद उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केला, असा त्याचा अर्थ. मशीनच रीस्टार्ट झालं तेव्हा कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद असेल. तिथे आधी वीज बघायची.

४१०१ साठी पहिला संशय उष्णतेवर. नागपूरच्या मे महिन्यात, त्यात नवतपा सुरू झाला की, बाहेर ४५ अंश आणि कूलर लावूनही खोलीत पस्तीस-छत्तीस. कार्ड खोलीच्या तापमानावर आपली चाळीस-पंचेचाळीस अंशांची भर घालतं. एनव्हिडियाची कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून वेग कमी करू लागतात. तुमच्याकडे वरच्या ३०६० च्या पंख्यांना खालच्या १६६० ची गरम पाठ चिकटून आहे, म्हणजे वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. दोन्हींच्या मध्ये निदान एका स्लॉटची मोकळी जागा हवी.

जीपीयू-झेडमध्ये ‘लॉग टू फाइल’ चालू करून दुपारी दोन्ही कार्डांवर वीस मिनिटं रेंडर चालवा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच पुन्हा करा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं तर कॅबिनेटमधून हवा फिरत नाही, समोर दोन आणि मागे एक पंखा लावा. शिवाय आफ्टरबर्नरसारख्या साधनाने दोन्हींची पॉवर लिमिट ८० टक्के करा. ३०६० मग १७० ऐवजी १३६ वॅटवर चालतं. वीज २० टक्के कमी होते, पण वेग तितका जात नाही आणि उन्हाळ्यापुरता हा सौदा नक्की फायद्याचा आहे.

कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. हे कळकळीने सांगतो. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा थंड असते तशी ओलीही असते. तिच्यासोबत बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब येतात आणि त्यातले क्षार कार्डाच्या पट्ट्यांवर, पंख्यांवर आणि स्लॉटच्या संपर्कांवर पांढरे बसतात. कूलर खोली थंड करण्यापुरता, मशीनपासून पाच-सहा फुटांवर, वेगळ्या दिशेला तोंड करून आणि खिडकी उघडी ठेवून. वापरलेलं १६६० काढून त्याच्या पट्ट्यांत धूळ किंवा असा पांढरा थर आहे का ते बघा. मऊ ब्रशने साफ करा आणि सोनेरी संपर्क साध्या खोडरबराने हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवा.

तापमान ठीक असूनही ४१०१ येत राहिलं तर ड्रायव्हर बघा. दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर लागतो. इंटरनेट काढून सेफ मोडमध्ये डीडीयू या साधनाने जुना पूर्ण पुसा आणि एनव्हिडियाचा स्टुडिओ ड्रायव्हर टाका. विंडोजची ती दोन सेकंदांची मुदत रजिस्ट्रीतून वाढवता येते, पण तो शेवटचा उपाय. उष्णता किंवा अपुरी वीज असताना मुदत वाढवली तर पडदा दोनऐवजी दहा सेकंद गोठेल, एवढाच फरक.

रीस्टार्टचं उत्तर बेरजेत आहे. ३०६० चे १७०, १६६० सुपरचे १२५, प्रोसेसर पूर्ण जोरात असताना ११७, बाकी बोर्ड-एसएसडी-पंखे यांचे पन्नास-साठ. झाले ४७० वॅट. ५५० वॅटचा एसएमपीएस कागदावर पुरतो, पण कार्डं क्षणभर आपल्या आकड्याच्या खूप वर उडी मारतात आणि दोघांनी एकदम मारली की एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. सीपीयूची टिक काढायला सांगितली त्याचं एक कारण हेच. दोन्ही कार्डांना एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्या. एकाच केबलच्या दोन तोंडांवर दोन कार्डं लावलेली असतील तर आजच बदला. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) नवा एसएमपीएस घ्यायला जाल तेव्हा चांगल्या कंपनीचा, ८० प्लस गोल्ड, निदान ६५० वॅटचा मागा. ७५० चा मिळाला तर उत्तम.

आणि तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, असा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. तुमचं मशीन पूर्ण भारावर भिंतीतून साडेपाचशे वॅट ओढतं आणि तीन मॉनिटर धरले तर साडेसहाशेच्या घरात जातं. दुपारी लाइट नुसती फडफडली तरी हा यूपीएस भार सोडून देणार, आणि तुमचे दोन रीस्टार्ट त्या वेळचे आहेत का ते भावाला विचारून बघा. १५०० व्हीए आणि ९०० वॅट, असे दोन्ही आकडे पाटीवर वाचून यूपीएस घ्या. तोवर तिन्ही मॉनिटर त्यावरून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा, लेझर प्रिंटर असेल तर तोही, आणि रेंडर एकाच कार्डावर चालवा. तरीही लाइट गेल्यावर हा यूपीएस पूर्ण भरवशाचा नाही.

पैसे एकदम सगळीकडे घालता येत नसतील तर क्रम असा: एसएमपीएस, मग यूपीएस, मग १६ जीबी रॅमची आणखी भर. तिसरं कार्ड सध्या नको. पुढच्या वर्षी बदल करायचाच झाला तर हे १६६० विकून टाका आणि १६ जीबी मेमरीचं एकच कार्ड बघा.